तोंडाचा लकवा, कोरियातल्या सुया आणि केस रिपोर्ट – नेमकं कशाने बरं झालं?

आबोली

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, आज रविवार आहे आणि घर शांत आहे म्हणून बसले. मोठं होईल, सांभाळून घ्या.

आम्ही दक्षिण कोरियात देजॉनला राहतो, नवरा इथल्या एका संशोधन संस्थेत आहे. मागच्या जानेवारीत एका सकाळी दात घासून चूळ भरली तर उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून पाणी सरळ गळ्यावर ओघळलं. आरशात बघितलं तर हसताना तोंड डावीकडे ओढलं जातंय, उजवा डोळा मिटायचा म्हटलं तर अर्धाच मिटतोय. आईला बाबांच्या वेळचा अर्धांगवायू आठवेल म्हणून तिला फोनसुद्धा केला नाही. शेजारच्या काकूंचं दार वाजवलं. त्यांनी बघताक्षणी सांगितलं की थंड जमिनीवर झोपलं की तोंड फिरतं, इथे सगळ्या आज्या हेच सांगतात, आणि हाताला धरून गल्लीतल्या हानुईवॉनमध्ये घेऊन गेल्या. हानुईवॉन म्हणजे कोरियन वैद्यकाचा दवाखाना. इथे त्या डॉक्टरांना हानुइसा म्हणतात, सहा वर्षांचं वेगळं कॉलेज आणि वेगळं सरकारी लायसन्स असतं.

मला वाटलं लगेच सुया टोचतील. पण त्यांनी आधी भुवया वर करायला सांगितल्या. उजवी भुवई हललीच नाही, कपाळाला आठीच पडली नाही. मग दोन्ही हात पुढे धरायला लावले, बोलायला लावलं, कानात बघितलं, कानामागे दुखतंय का, पुरळ आलंय का विचारलं. आणि चिठ्ठी लिहून दिली की आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जा, स्टिरॉइड आज सुरू व्हायला हवं, सुयांसाठी संध्याकाळी ये. हे मी मुद्दाम लिहितेय कारण हा माणूस स्वतः सुया लावून पोट भरतो आणि त्याने मला पहिल्यांदा दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं.

मग पाच आठवडे. सुरुवातीला रोज, नंतर आठवड्यातून तीनदा. पडदा ओढलेली छोटी खाट, खाली गरम गादी, चेहऱ्यावर लाल दिवा आणि केसासारख्या बारीक सुया. एक सुई ओठाच्या कोपऱ्यातल्या जिचांग नावाच्या जागेतून कातडीखालून आडवी जबड्याकडे सरकवायचे, ती तेवढी बोचायची, बाकीच्या कळायच्याही नाहीत. पंधरा मिनिटं पडून राहायचं. सोबत काढा, त्याचं नाव ईगीगॉपुंगसान, अर्थ विचारला तर म्हणाले प्राणवायू हलवणारं आणि वारा घालवणारं. शेजारच्या काकूंचा थंड वारा आणि हा काढ्यातला वारा एकच!

सातव्या आठवड्यात तोंड सरळ झालं. आणि तेव्हापासून माहेरचे, सासरचे, इथले मराठी मंडळाचे सगळे विचारतात, मग सुयांनी बरं झालं ना? मला उत्तर देता येत नाही. म्हणून मी इथल्या जर्नलमधले केस रिपोर्ट वाचायला लागले (थोडी कोरियन येते, बाकी ट्रान्सलेटर). प्रत्येकात तेच, एक बाई, वय अमुक, डोळे झाकलेले फोटो, पहिला दिवस, आठवा दिवस, पंधरावा दिवस, इतक्या सुया, हा काढा, आणि शेवटी सुधारणा. माझीच गोष्ट. पण वाचून माझ्या प्रश्नाचं उत्तर काही मिळालं नाही. इथे डॉक्टर, वैद्य, आकडेवाले सगळे आहेत, तर सांगा हे वाचायचं कसं.

सांगलीकर

आबोली, आधी त्या हानुइसाला माझा नमस्कार सांगा. मी कान-नाक-घसावाला आहे, माझ्याकडे महिन्याला असे पेशंट येतात आणि निम्मे तरी उशिरा येतात. कुणी कबुतराचं रक्त चोळून येतो, कुणी पंधरा दिवस नुसता शेक घेऊन.

त्यांनी भुवई का वर करायला लावली ते सगळ्यांनी लक्षात ठेवा. मेंदूच्या झटक्यात सहसा तोंड वाकडं होतं पण कपाळ हलतं, कारण कपाळाला दोन्ही बाजूच्या मेंदूकडून तारा येतात. चेहऱ्याची नसच सुजली असेल तर कपाळही जातं. त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. पण हे ठरवायचं काम घरच्यांचं नाही, तोंड वाकडं दिसलं की त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं. कानात पुरळ बघितलं ते नागिणीसाठी, तिचा विषाणू त्या नसेत शिरला तर आजार जास्त हट्टी असतो.

आता तुमचा प्रश्न. कोपनहेगनला पीटरसन नावाच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं काहीही औषध न देता असे पेशंट नुसते बघितले आणि लिहून ठेवले, २००२ साली छापलं. बेल्स पाल्सीचे १७०१ पेशंट. त्यातले ७१ टक्के आपोआप पूर्ण बरे झाले. म्हणजे शंभरातल्या एकाहत्तर जणांच्या कपाळाला मी नुसता अंगारा लावला असता तरी ते अंगाऱ्याने बरे झाले असंच दिसलं असतं. दुसरं, स्कॉटलंडमध्ये २००७ साली झालेली ट्रायल. ७२ तासांच्या आत प्रेड्निसोलोन हे स्टिरॉइड सुरू केलेल्यांमध्ये तीन महिन्यांनी ८३ टक्के पूर्ण बरे, न दिलेल्यांमध्ये ६३.६. नऊ महिन्यांनी ९४.४ आणि ८१.६. तुम्ही त्या पहिल्या दिवशी जी गोळी घेतली तिच्यामागे एवढा पुरावा आहे. सुयांचं मी नाही म्हणत नाही, पण तुमच्या एकटीच्या गोष्टीवरून ते कळणार नाही, माझ्या कुठल्याही एका पेशंटवरूनही कळणार नाही.

वैद्य_नाशिक

सांगलीकर, आकडे मान्य, पण केस रिपोर्टला इतकं हलकं नका काढू. आमच्याकडे याला अर्दित म्हणतात, वाताचा आजार, नस्य म्हणजे नाकात औषध सोडणं आणि तैल हे उपचार. आबोलीताईंच्या काढ्याचं नाव वाचून मला अंगावर काटा आला, वारा घालवणारा काढा! दोन देश, दोन भाषा, आणि आजाराचं नाव वाऱ्यावरच.

मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू, ते लोक लिहून ठेवतात. माझे गुरुजी चाळीस वर्षं प्रॅक्टिस करून गेले, अर्दिताचे शेकडो पेशंट बघितले असतील, आणि मागे उरल्या फक्त दोन वह्या त्याही औषधांच्या हिशोबाच्या. कुठल्या दिवशी काय होतं, किती हललं, कोण बरं झालं नाही, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. याचं मला अजून वाईट वाटतं. कोरियात स्पेशालिस्टांचे आठ विभाग आहेत – अंतर्गत आजार, स्त्रीरोग, बालरोग, मनोविकार, सुया, डोळे-कान-नाक-त्वचा एकत्र, रिहॅबिलिटेशन, आणि आठवा सासांग म्हणजे प्रकृतीचा – आणि प्रत्येक विभागाची जर्नल आहेत. अंतर्गत आजारांच्या जर्नलमध्ये झटक्यानंतरची उचकी काय, केमोनंतरचे बधिर पाय काय, एकेका पेशंटचं रोजचं लिहिलेलं सापडतं. त्यांची परंपरा तशीच आहे म्हणा. हो जुन या राजवैद्यांनी राजाच्या हुकमावरून १५९६ ला काम सुरू केलं आणि मध्ये युद्ध, राजाचा मृत्यू, हद्दपारी सगळं सोसून १६१० ला दोंगउई बोगाम हे वैद्यकाचं पुस्तक पुरं केलं, १६१३ ला छापलं, २५ खंड. २००९ मध्ये युनेस्कोने ते जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं.

आकडेमोड

धागा आवडीचा निघाला. मी पुण्यात क्लिनिकल ट्रायलच्या आकडेवारीचं काम करतो, त्यामुळे थोडं तांत्रिक होईल.

वैद्यजी, लिहून ठेवणं मोठीच गोष्ट आहे, पण काय लिहिलं जातं ते बघा. ज्याचं तोंड सरळ झालं त्याचाच रिपोर्ट छापला जातो. ज्याचं नाही झालं त्याचे फोटो कुणी काढून ठेवत नाही. २०१३ पासून केस रिपोर्ट लिहायचे केअर नावाचे नियम आहेत, त्यात तारखांचा क्रम, बाकी कुठली औषधं चालू होती, काय त्रास झाला, पेशंटचं स्वतःचं म्हणणं हे सगळं द्यायला सांगितलंय. मी रिपोर्ट हातात घेतला की शेवट आधी वाचत नाही, आधी बघतो उपचार आजाराच्या कितव्या दिवशी सुरू झाले. पाचव्या दिवशी सुरू केलेल्या सुया आणि सातव्या महिन्यात सुरू केलेल्या सुया यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाचव्या दिवसानंतर तसंही सुधारणारच होतं बहुतेकांचं. सात महिने काहीच हललं नाही आणि मग हललं, तर मी खुर्चीत सरसावून बसतो.

आणि कोरियन लोकांना हे कळतं. २०१५ साली तिथूनच एक ट्रायल छापली गेली, बेल्स पाल्सी होऊन गेल्यावर मागे राहिलेल्या दोषांवर, म्हणजे आपोआप बरं होण्याचा काळ उलटून गेलेले लोक. ३९ जण, आठ आठवडे, काहींना सुया आणि काहींना वेटिंग लिस्टवर ठेवलं. सुयावाले जास्त सुधारले. आता यात अडचण काय, वेटिंगवाल्याला माहीत असतं की आपल्याला काही मिळत नाहीये, आणि सुयावाल्याला माहीत असतं की कुणीतरी आठ आठवडे आपल्या चेहऱ्याकडे लक्ष देतंय. शिवाय ३९ म्हणजे फारच थोडे. पण प्रश्न योग्य जागी विचारलाय, हे मला फार आवडलं.

खोटी सुईपण असते बरं का. नाटकातल्या सुऱ्यासारखी, टेकवली की पातं मुठीत जातं, पेशंटला वाटतं घुसली. पार्क नावाच्या कोरियन संशोधकाच्या नावाचंच एक उपकरण आहे तसं. तरी सुई लावणाऱ्याला कळतंच की खरी का खोटी, आणि खोटी सुई टेकली तरी त्वचेला काहीतरी होतंच, म्हणून खोटीशी तुलना करूनही भांडण मिटत नाही.

मीनल७

मध्येच विचारते, माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्यांना कुणीतरी कोरियन मधमाशीच्या विषाचं इंजेक्शन सुचवलंय, ऑनलाइन मिळतं म्हणे. घरी देता येतं का?

सांगलीकर

नाही. घरी अजिबात नाही, मीनलताई, कृपा करा. मधमाशीच्या विषाने काही जणांना काही मिनिटांत घसा सुजून बीपी पडतं, अ‍ॅनाफायलॅक्सिस म्हणतात त्याला. समोर अ‍ॅड्रेनलिन आणि ते द्यायला येणारा माणूस नसेल तर जीव जातो, कोरियातही गेलेला आहे. पहिल्या वेळी काही झालं नाही म्हणून दुसऱ्या वेळी होणार नाही असंही नसतं. सासऱ्यांना ऑर्थोकडे न्या, वजन आणि मांडीचे व्यायाम हे दोनच आधी.

आबोली

मीनल, इथे दवाखान्यातसुद्धा आधी हातावर थोडंसं टोचून थांबवतात आणि मग ठरवतात. मला दिलं नाही कारण मला लहानपणी गांधीलमाशी चावून अंगभर गांधी उठल्या होत्या, ते त्यांनी पहिल्या दिवशीच लिहून घेतलं होतं.

आकडेमोड, तुम्ही सांगितलं तसं मी आता परत रिपोर्ट काढून बघितले. बहुतेक पहिल्या आठवड्यात सुरू केलेले. आणि बहुतेकांनी स्टिरॉइड पण घेतलेलं, ते एका ओळीत कोपऱ्यात लिहिलेलं असतं. मी आधी ती ओळ वाचलीच नव्हती.

रानवाट

मला चेहऱ्याबद्दल नाही, दुसऱ्याच आजाराबद्दल बोलायचंय. वैद्यजींनी मनोविकार विभाग म्हटलं म्हणून. मी चार वर्षं सोलला होते, तिथे ह्वाब्योंग म्हणतात, शब्दशः आगीचा आजार. वर्षानुवर्षं राग गिळून गिळून छातीत भट्टी पेटल्यासारखं होतं, घशात गोळा अडकतो, उसासे थांबत नाहीत. बहुतेक मधल्या वयाच्या बायका. अमेरिकन मनोविकारांच्या पुस्तकाने १९९४ मध्ये तो कोरियन संस्कृतीतला आजार म्हणून नोंदवला. पण मी वाचलं तेव्हा मला माझी आत्याच दिसली. एकत्र कुटुंब, अठरा माणसांचा स्वयंपाक, उलटून एक शब्द बोलली नाही, आणि चाळिशीनंतर रोज रात्री म्हणायची छातीत जळतंय. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर वीस वर्षं काढली तिने. कुणी विचारलंच नाही की बाई, कसला राग आहे.

तिथले हानुइसा या बायकांना तो प्रश्न विचारतात आणि उत्तर केस पेपरवर लिहितात. छातीच्या मध्यावर बोटाने दाबून बघतात, तिथे हात लावला की कित्येक जणी रडायला लागतात. औषधाने किती फरक पडतो ते आकडेमोड सांगतील, पण आजाराला नाव असणं आणि ते केस पेपरवर येणं, यात माझ्या आत्याचं निम्मं दुखणं हलकं झालं असतं असं मला अगदी मनापासून वाटतं.

वैद्य_नाशिक

रानवाट, हे वाचून थांबलोच. उद्यापासून छातीत जळजळ म्हणून येणाऱ्या बायकांना मी हा प्रश्न विचारणार.

आकडेमोड

२०१६ पासून तिथल्या आरोग्य मंत्रालयाने तीस आजारांसाठी पुराव्यावर आधारित उपचारांची मार्गदर्शक पुस्तकं करायला घेतली, त्यात चेहऱ्याचा लकवाही आहे आणि ह्वाब्योंगही. अशा पुस्तकात काय येतं, तर प्रत्येक शिफारशीपुढे पुरावा किती पक्का ते लिहावं लागतं. 'पुरावा कच्चा' असं सरकारी कागदावर स्वतःच्या शास्त्राबद्दल लिहायला धैर्य लागतं.

आणि यामागे पैशाचं कारणही आहे. सुया तिथल्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात १९८७ पासून आहेत, छुना म्हणजे हाडं-सांधे हाताने बसवण्याचा उपचार २०१९ पासून, आणि काढ्यांचा प्रयोग नोव्हेंबर २०२० मध्ये फक्त तीन आजारांपुरता सुरू केला – चेहऱ्याचा लकवा, ६५ वरच्यांचे झटक्यानंतरचे त्रास आणि पाळीतलं दुखणं. लोकांच्या खिशातून कापलेल्या हप्त्यातून पैसे द्यायचे म्हटले की पुरावा मागणारच. छुनाची २०२१ ची मानदुखीवरची ट्रायल बघा, १०८ पेशंट, पाच आठवडे उपचार, वर्षभर पाठपुरावा, मोठ्या अमेरिकन जर्नलमध्ये आली. छुनावाले नेहमीच्या गोळ्या-फिजिओवाल्यांपेक्षा बरे निघाले. पण खोटा छुना असा काही गट नव्हता, हे वाचताना विसरायचं नाही.

सांगलीकर

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती बोललीच पाहिजे. तिथे हानुइसाने सोनोग्राफी वापरायची का यावर खटला चालला. एका बाईंची दोन वर्षांत ६८ वेळा सोनोग्राफी केली आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर सुटला. तरी २२ डिसेंबर २०२२ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की हानुइसाने मशीन वापरणं हा गुन्हा होत नाही. कायद्याचा मुद्दा मला समजतो, पण त्या बाईंचा केस रिपोर्ट कोण लिहिणार? मला तो वाचायचाय, अडुसष्टच्या अडुसष्ट तारखा घालून. आपल्याकडे २०२० मध्ये आयुर्वेदाच्या एमएस वाल्यांना ५८ शस्त्रक्रियांची परवानगी दिली तेव्हा आम्ही डॉक्टर मंडळी संपावर गेलो होतो, त्या दिवशी मीही ओपीडी बंद ठेवली होती. वाद तोच आहे.

वैद्य_नाशिक

सांगलीकर, त्या संपावर आपण दोघं वेगळ्या बाजूला होतो, तो वाद इथे नको, वेगळा धागा काढू. पण सुटलेल्या निदानाचा रिपोर्ट छापला पाहिजे हे मात्र शंभर टक्के. तुमच्याही आणि आमच्याही.

आडवाटेचा_पंत

प्रकृतीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. यी जेमा नावाच्या माणसाने १८९४ मध्ये माणसांचे चार प्रकार सांगितले, थेयांग, सोयांग, थेउम, सोउम, आणि एकाच आजाराला प्रकाराप्रमाणे वेगळं औषध. आपल्या वात-पित्त-कफासारखंच वाटतं पण तिथे माणूस एकाच खान्यात बसतो, मिश्र प्रकृती नाही. देजॉनच्याच सरकारी संस्थेने चेहरा, आवाज, शरीराची मापं आणि प्रश्नावली घेऊन प्रकार ठरवायचं साधन केलंय. दोन वैद्यांनी एकाच माणसाचा प्रकार वेगळा सांगितला तर ट्रायल कशी करणार, हा प्रश्न त्यांना पडला म्हणून.

इचलकरंजीचा

माफ करा, धाग्याच्या मध्ये घुसतोय. पहिली पोस्ट वाचून अंगाला घाम फुटला. माझ्या वहिनीचं काल दुपारपासून तोंड वाकडं झालंय. डोळा मिटत नाही. वारं लागलं असेल म्हणून आई एरंडाच्या पानाने शेकतेय. भुवई वर करायला लावली, ती बाजू हलत नाही.

सांगलीकर

आत्ता निघा. भुवई हलत नाही हे कळलं ते चांगलं, पण तुम्ही निदान करू नका. हातापायात जोर कमी, बोलणं अडखळणं, डोकं खूप दुखणं असं काही आहे का? शुगर आहे का वहिनींना, ते तिथल्या डॉक्टरना पहिल्यांदा सांगा, स्टिरॉइडने शुगर वाढते. दिवस गेलेत का तेही सांगा. शेक बंद, डोळ्याला पट्टी, पापणी नीट खाली ओढून, नाहीतर बुबुळ कोरडं पडून जखम होते. ७२ तासांतले तीसेक गेलेत.

इचलकरंजीचा

शुगर नाही. बाकी काही नाही. निघालो.

आबोली

दादा, पोचलात की लिहा. आणि आज वहिनींचा एक फोटो काढा, हसताना, भुवया वर करताना, डोळे मिटताना, तारीख टाकून. त्यांना नको वाटेल, मलाही नको वाटलं होतं, पण काढा.

इचलकरंजीचा

रात्री साडेअकराला घरी आलो. स्कॅन करून झटका नाही म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या, डोळ्यात दिवसा थेंब आणि रात्री मलम. आई अजून एरंडाची पानं घेऊन बसलीये, तिला सांगितलं दहा दिवस थांब.

वैद्य_नाशिक

आईंना रागावू नका. पंधरा दिवसांनी डॉक्टरना विचारून हलक्या हाताने चेहऱ्याला मसाज करू द्या, तेवढं त्यांच्या हातून होऊ दे. आणि ते कधी सुरू केलं ती तारीख लिहा.

इचलकरंजीचा

सहा आठवडे झाले म्हणून परत आलो. आबोलीताईंनी सांगितल्याप्रमाणे दर रविवारी फोटो काढले, वहीत चिकटवलेत. तिसऱ्या रविवारी डोळा मिटला. चौथ्यापासून आईचा मसाज. काल सकाळी वहिनी मोरीवर चूळ भरत होती, आतून ओरडली म्हणून सगळे धावलो, तर पाणी बाहेर आलं नव्हतं. कपाळाला आठी अजून पडत नाही.

सांगलीकर

तेही लिहा वहीत.